फूलबागेहून आलेला नवा बोर्ड आणि आमची एक चूक



एरवी या पानावर डिझेलचा परतावा, हवामानाचा इशारा, बंदीच्या तारखा असल्याच गोष्टी असतात. आज थोडं वेगळं लिहितोय. विषय आहे विंडसर्फिंगच्या बोर्डाचा, म्हणजे शीड लावलेल्या त्या फळीचा. "आमचा काय संबंध?" म्हणून पुढे सरकू नका. आज आपल्याकडे लाकडी होड्या बोटावर मोजण्याइतक्या राहिल्या, बाकी सगळं फायबर. आणि मालवण-तारकर्लीच्या पट्ट्यात मासेमारीला जोड म्हणून किती घरांतली पोरं जलक्रीडेत उतरली, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. फायबरची वस्तू कशी बिघडते हे या एका बोर्डाने आम्हांला चांगलं शिकवलं. आणि बिघडवण्यात आमचाही हात होता, हे आधीच कबूल करून टाकतो.

ग्वाल्हेरचा भाचा

आमच्या वाडीची एक लेक लग्न होऊन ग्वाल्हेरला गेली. जावईबापूंची नोकरी तिकडे. बिऱ्हाड फूलबागेच्या जवळ. फूलबाग म्हणजे झाशीच्या राणीची समाधी जिथे आहे तो भाग. १८५८ च्या जून महिन्यात राणी लक्ष्मीबाई ग्वाल्हेरलाच लढताना पडल्या. शिंद्यांच्या राज्यामुळे तिकडे मराठी घरं पिढ्यानपिढ्या आहेत, त्यामुळे लेकीला भाषेचं परकेपण कधी वाटलं नाही. कमी एकच, समुद्र.

तरी तिच्या पोराला नाद लागला तो पाण्याचाच. आम्ही आधी हसायचो, ग्वाल्हेरला बसून कसला शिडाचा खेळ? पण हसणं चुकीचं होतं. गोव्यातली राष्ट्रीय जलक्रीडा संस्था ज्या मोठ्या संस्थेखाली येते, त्या भारतीय पर्यटन आणि प्रवास व्यवस्थापन संस्थेचं मुख्यालय ग्वाल्हेरलाच आहे. आणि २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई खेळांत शिडाच्या होडीत रौप्यपदक मिळवणारी नेहा ठाकूर ही मध्य प्रदेशातल्या देवासची, भोपाळला तलावाच्या पाण्यावर शिकलेली. त्याच स्पर्धेत ईबाद अली याने विंडसर्फिंगमध्ये कांस्य आणलं. आपल्या शेजारच्या गोव्यातले कात्या आणि डेन कुएल्हो हे बहीणभाऊ पण याच खेळात भारताकडून उतरलेले. म्हणजे खेळ परका राहिलेला नाही.

तर हा भाचा गोव्यात जाऊन विंडसर्फिंग शिकला आणि त्याने नवा कोरा बोर्ड घेतला. शीड, डोल, सगळं धरून खर्च लाखाच्या पुढे. अर्धे पैसे वडिलांनी दिले. अर्धे मामाने दिले, आणि मामाने ते दिले होडीच्या नव्या इंजिनासाठी बाजूला ठेवलेल्या रकमेतून. ठरलं असं की मे महिन्यात बोर्ड गावी आणायचा, हात बसवायचा, आणि पावसाळा संपला की पर्यटकांना शिकवायला सुरुवात करायची. मामाच्या इंजिनाचे पैसे त्यातून फिटणार होते.

बोर्ड आला मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. पंधरा दिवसांत तो पोखरला गेला. समुद्राने त्याचं काही बिघडवलं नाही. जे झालं ते सगळं रस्त्यावर, वाळूवर आणि मिस्त्रीच्या शेडमध्ये झालं.

आधी हा बोर्ड असतो कसा ते बघू

आपल्या होडीचं अंग म्हणजे काचेच्या धाग्याची मॅट आणि पॉलिएस्टर रेझिन, वरून जेलकोट. थरावर थर चढवून चांगली जाड भिंत तयार होते. ओढली, आपटली तरी पुष्कळ सहन करते.

बोर्ड वेगळा. आत थर्माकोल असतो, आपल्या मासळीच्या पेटीचा असतो त्याच जातीचा. त्यावर काचेच्या किंवा कार्बनच्या कापडाचे पातळ थर, आणि ते चिकटवलेले असतात इपॉक्सी रेझिनने. बऱ्याच बोर्डांत मध्ये कडक फोमचा आणखी एक पातळ पत्रा असतो. सगळं वजन बारा-तेरा किलोच्या आसपास. हलकेपणा हाच त्याचा गुण आणि हीच त्याची खोड. वरचं कवच अंड्यासारखं समजा. पसरून भार दिला तर माणूस उभा राहतो, पण टोकदार काही लागलं की फुटतं.

दुसरा फरक डोलकाठीचा. आपल्या शिडाच्या होडीत डोल घट्ट बसवलेली असते. विंडसर्फिंगमध्ये डोल बोर्डाला सांध्यावर जोडतात आणि ती चारी बाजूंना लोळते. माणूस उभा राहून हाताने शीड धरतो, शीड कलवून दिशा बदलतो, सुकाणू नाहीच. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात हॉइल श्वाइत्झर आणि जिम ड्रेक या दोघांनी हा सांधा बसवला आणि खेळ जन्माला आला. १९८४ मध्ये तो ऑलिंपिकमध्ये गेला. पण हाच लोळणारा सांधा बोर्डाच्या मुळावर पण येतो, तो कसा ते पुढे सांगतो.

पहिली इजा: ऊन

ग्वाल्हेरचा मे महिना म्हणजे पारा पंचेचाळीसच्या पुढे. बोर्ड काळ्या पिशवीत घालून गाडीच्या टपावर बांधला आणि दोन दिवसांचा प्रवास. जेवायला थांबले की गाडी उन्हात.

थर्माकोलच्या आत हवा असते. ती तापली की फुगते आणि बाहेर पडायला वाट शोधते. म्हणून बोर्डावर एक छोटा स्क्रू असतो, त्याला व्हेंट म्हणतात. लांबच्या प्रवासात, विमानात, कडक उन्हात तो सैल करायचा असतो. पाण्यात जाताना पुन्हा घट्ट बसवायचा. काही बोर्डांना आपोआप श्वास घेणारा व्हेंट असतो, तिथे हात लावावा लागत नाही. आपल्या भाच्याच्या बोर्डाला साधा स्क्रू होता आणि तो पूर्ण आवळलेला होता.

गावी आल्यावर पिशवी उघडली तर मागच्या पायपट्ट्याजवळ तळहाताएवढा भाग किंचित फुगीर. भाच्याला दिसला नाही. मामाला दिसला. मामाने खिशातलं नाणं काढलं आणि होडीवर वाजवून बघतो तसं वाजवून बघितलं. बाकी ठिकाणी टक्-टक् असा कडक आवाज, त्या जागेवर भद्-भद्. म्हणजे वरचा थर आतल्या फोमपासून सुटला होता. ही नाण्याची परीक्षा आपल्या सगळ्यांना माहीत आहे. बोर्डालाही ती तशीच लागू पडते.

दुसरी इजा: डोल नाकावर

दुसऱ्याच दिवशी दुपारचा वारा चांगला धरला होता. पोरगा शिकलेला असला तरी हात अजून कच्चा. झोत आला, शीड हातातून ओढलं गेलं, आणि तो पुढे फेकला गेला. सांध्यावरची डोल सरळ बोर्डाच्या नाकावर आपटली. नवशिक्यांच्या बोर्डाला सगळ्यात जास्त मार इथेच बसतो.

भेग पडली ती केसाएवढी. वरून रंग उडालासुद्धा नव्हता. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या आम्हां सगळ्यांचं मत एकच, "काय नाय होवचा." पोरगा पुढचे दोन दिवस त्याच बोर्डावर फिरला.

इथे एक गोष्ट समजून घ्या. बोर्ड किनाऱ्यावर उन्हात तापतो, आतली हवा फुगते. मग तो थंड पाण्यात टाकला की ती हवा आकसते आणि जिथे भेग असेल तिथून पाणी आत ओढते. नुसतं झिरपत नाही, ओढून घेते. एकदा थर्माकोलच्या दाण्यांमध्ये पाणी शिरलं की ते आपणहून बाहेर येत नाही. लाकडी होडीचं बरं होतं, पाणी आत आलं तर डोळ्यांना दिसायचं, उपसता यायचं. इथे वरून सगळं चकाचक. वाडीतले एक म्हातारे तांडेल तेव्हाच म्हणाले होते, "पाणी दिसत नाय म्हणान पाणी नाय, असा नाय." कोणी मनावर घेतलं नाही.

तिसऱ्या दिवशी पोरगा म्हणाला, "मामा, बोर्ड आज जड लागतोय." आम्ही बोर्ड सोसायटीत आणला आणि मासळीच्या काट्यावर चढवला. बोर्डासोबत आलेल्या कागदावर वजन लिहिलं होतं साडेबारा किलो. काटा दाखवत होता तेरा किलो नऊशे.

तिसरी इजा: आमचा सल्ला

आता आमची चूक. आम्हीच म्हणालो, "फायबरच ना, आपल्या मिस्त्रीकडे ने, तासाभरात करून देईल." मिस्त्री आपला भरवशाचा माणूस. इतकी वर्षं होड्यांचं काम करतोय, त्याच्या कामाला नाव ठेवायला जागा नाही. त्याने भेग ग्राइंडरने मोकळी केली, होडीचं रेझिन घेतलं, हार्डनर टाकला, मॅटचा तुकडा ठेवला आणि भरलं. दहा मिनिटांत रेझिन आत बसायला लागलं. त्याला वाटलं कमी पडलं, आणखी ओतलं. ते पण खाली गेलं.

आत थर्माकोल विरघळत होता.

होडीचं पॉलिएस्टर रेझिन डब्यातून काढलं की जो उग्र वास येतो, तो स्टायरीनचा. थर्माकोल मुळात स्टायरीनपासूनच बनलेला असतो, त्यामुळे पातळ स्टायरीन लागलं की तो साखर पाण्यात विरघळावी तसा जातो. पेट्रोल टाकल्यावर थर्माकोल वितळतो हे पोराटोरांनापण माहीत असतं. रेझिनचंही तेच होतं, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही. होडी बांधताना कधी रेझिन थर्माकोलला लागायची वेळ येत नाही, मग कळणार कुठून? मिस्त्रीचा दोष नाही. त्याच्याकडे पाठवणारे आम्ही.

बोर्डाच्या नाकात नारळाएवढी पोकळी झाली. मामा काही बोलला नाही. पोरगा पण बोलला नाही, नुसता बोर्डाशेजारी बसून राहिला. त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही, हे खरं सांगतो.

मग दुरुस्ती कशी झाली

बोर्ड गोव्याला नेला, जिथे असल्या बोर्डांची कामं होतात. तिथल्या कारागिराने पहिल्या दिवशी काहीच केलं नाही, फक्त उघडून ठेवला. बिघडलेला भाग चौकोनी कापून काढला, बोर्ड नाक खाली करून सावलीत टांगला आणि पंखा लावला. पाणी थेंब थेंब गळत राहिलं. रोज वजन करायचं आणि लिहायचं. वजन उतरायचं थांबलं तेव्हाच पुढचं काम, तोवर तीन आठवडे गेले होते.

त्यानंतर पोकळीत थर्माकोलचा तुकडा मापात कापून बसवला, इपॉक्सीने चिकटवला, घासून आकार दिला, वर काचेच्या कापडाचे थर इपॉक्सीमध्ये. मागचा सुटलेला भाग पण तसाच उघडून चिकटवला. बोर्ड आता चालतो. पण मूळ वजनापेक्षा अर्धा किलो जड झालाय, आणि नव्या बोर्डाच्या किमतीच्या जवळपास पाचवा हिस्सा दुरुस्तीत गेला. तोवर पावसाळा तोंडावर आला, पोराची सरावाची सुट्टी संपली. त्या सुट्टीचे पैसे कोण देणार?

ग्वाल्हेरला परत जाताना भाच्याने तिघरा धरणाची गोष्ट सांगितली. सांक नदीवरचं हे धरण ग्वाल्हेरला पाणी पुरवतं. पहिल्यांदा बांधलं ते १९१७ साली फुटलं. पायाखालच्या वालुकाश्मात पाणी झिरपत गेलं आणि बांध गेला. पोरगा म्हणाला, "मामा, वरून भिंत चांगलीच होती." एवढं बोलून तो गाडीत बसला.

नवा बोर्ड घेतलात तर हे करा

आपल्यापैकी दोन-तीन घरांत असे बोर्ड यायचे आहेत असं कानावर आहे. त्यांच्यासाठी नीट लिहून ठेवतो. घरात सगळ्यांनी वाचा, कारण बोर्ड हलवायला, धुवायला घरातलीच माणसं लागतात.

१. पहिल्याच दिवशी वजन करा. कागदावरचं वजन धरू नका, प्रत्येक नगात थोडा फरक असतो. सोसायटीचा काटा आहे, तिथे आणा. कोरडा बोर्ड, फिन आणि पायपट्टे काढून वजन करा आणि आकडा व्हेंटच्या बाजूला न पुसणाऱ्या पेनाने लिहा. दर महिन्याला पुन्हा वजन करा. पाव किलोच्या वर वाढलं तर पाणी शिरलंय, पाण्यात घालू नका.

२. व्हेंटला सवय लावून घ्या. प्रवासात आणि उन्हाच्या दिवसांत साठवताना सैल, पाण्यात जाताना घट्ट. घट्ट म्हणजे हाताला लागेल इतकाच, पिरगाळून नाही, नाहीतर आतला रबरी वॉशर फाटतो. सैल केला की डोलीच्या सांध्याला लाल दोरा बांधा. दोरा दिसला की आठवण होईल. उघड्या व्हेंटने पाण्यात गेलेला बोर्ड म्हणजे बूच काढून सोडलेली होडी.

३. नाकाला गादी बांधा. जेटीला लागताना आपण होडीच्या अंगाला जुना टायर लावतो, तसंच हे. बाजारात नाकाचं संरक्षक कव्हर मिळतं. शिकवणीच्या बोर्डाला तर ते हवंच. तोवर जुन्या फोमच्या चटईचा दुहेरी तुकडा घट्ट बांधला तरी बराच मार वाचतो. कमरेच्या पट्ट्याला लोखंडी हूक असेल तर बोर्डावर पोटावर सरपटत चढू नका, हूक कवचात घुसतो.

४. गुडघाभर पाण्यातच उतरा. बोर्डाखाली फिन असतो. बोर्ड तसाच किनाऱ्यावर चढवला तर फिन वाळूत रुततो आणि ज्या खाचेत बसवलेला असतो ती खाच आतून तडकते. तिथूनही पाणी जातं, आणि ती दुरुस्ती नाकापेक्षा कठीण. वर आणल्यावर पहिलं काम फिन काढण्याचं.

५. वाळूवरून ओढू नका. दोघांनी उचला. आपल्याला होडी ओढायची सवय आहे, बोर्डाला ती चालत नाही. वाळू म्हणजे पॉलिशपेपर. शीडही ओढू नका. शीड जोडलेलं ठेवून चहाला जाऊ नका. वाऱ्याने शीड उचललं की बोर्ड त्याच्याबरोबर उलटा होऊन दगडावर.

६. गोड्या पाण्याने धुवा. बोर्ड, सांधा, फिनची खाच, डोलीचे जोड. डोल दोन तुकड्यांची असते. जोडात वाळू आणि मीठ राहिलं तर दुसऱ्या दिवशी चार माणसांनी ओढून सुटत नाही. रोज खेळ झाला की डोल सोडवायचीच.

७. ओला बोर्ड पिशवीत ठेवू नका. पिशवीत ओल, वरून ऊन, म्हणजे आत वाफ. त्याने कवचावर फोड येतात. आधी सावलीत सुकवा. पिशवी घेताना चंदेरी बाजूची घ्या, काळी नको. पिशवी म्हणजे ऊन्हातली सावली नव्हे, पिशवीसकट सावलीत ठेवा.

८. बांधताना जोर बेताने. टेम्पोवर बोर्ड चढवला की आपण दोरी पायाने दाबून आवळतो. कडीने फिरवून आवळायचे पट्टे तर अजिबात नकोत, कवच दबून तडकतं. रुंद कापडी पट्टा, खाली फोम, आणि बोर्डावर दुसरं सामान नाही. मासळीच्या पेट्या तर नाहीच.

९. पावसाळ्यात आत ठेवा. होड्या आपण १ जूनच्या आधी वर घेऊन शाकारतो. बोर्डाला पत्र्याच्या शेडखाली टांगू नका, पाऊस उघडला की पत्रा तापतो. घरात, जमिनीपासून वर, दोन मऊ टेकूंवर आडवा ठेवा. वर पोरांना बसू देऊ नका. उंदीर असतील तर पिशवी बंद ठेवा.

आणि भेग पडलीच तर

लगेच पाण्याबाहेर. "अजून एक फेरी" नको. गोड्या पाण्याने धुवा, पुसा, भेग खालच्या बाजूला येईल असा सावलीत ठेवा. भेगेला ओठ लावून हवा ओढून बघा, पाण्याची चव लागली तर आत ओल आहे. नाही लागली तरी वजन कराच. पूर्ण सुकल्याशिवाय वरून काही लावू नका, कारण ओल आत कोंडली की पुढच्या उन्हात थर सुटणारच. सुकली की तात्पुरती जाड चिकटपट्टी चालते, पण ती बोर्ड घरी आणण्यापुरतीच.

दुरुस्तीला फक्त इपॉक्सी. होडीचं रेझिन नाही, थिनर नाही, पेट्रोल नाही, ॲसिटोन उघड्या थर्माकोलच्या जवळपास पण नाही. खात्री नसेल तर पेटीतला थर्माकोलचा टाकाऊ तुकडा घ्या, त्यावर रेझिनचा थेंब टाका आणि पाच-दहा मिनिटं थांबा. खड्डा पडला तर ते रेझिन बोर्डाचं नव्हे. ही परीक्षा आम्ही त्या दिवशी केली असती तर हा लेख लिहावा लागला नसता.

मिस्त्रींसाठी एक गोष्ट. होडीच्या रेझिनमध्ये हार्डनर थोडा कमीजास्त करून आपण लवकर किंवा उशिरा सुकवतो. इपॉक्सीत तसं चालत नाही. डब्यावर जे प्रमाण लिहिलंय तेच, मोजून. हार्डनर जास्त टाकला तर लवकर सुकत नाही, मऊच राहतं. आणि इपॉक्सीच्या कामावर वरून पॉलिएस्टर नीट धरत नाही, सोलून निघतं.

होडीवाल्यांनी यातून काय घ्यावं

बोर्ड प्रत्येकाकडे नसेल, होडी आहे. होडीतही फायबरचं नुकसान बहुतेक वेळा किनाऱ्यावरच सुरू होतं.

जेलकोट म्हणजे होडीची कातडी. वाळूवर ओढून ओढून तळाचा जेलकोट झिजला की खालची मॅट उघडी पडते आणि धाग्याधाग्याने पाणी पिते. आपटलेल्या जागी कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसल्या तर त्या नुसत्या रंगाच्या समजू नका, नाणं वाजवून बघा. काही होड्यांत तरंगण्यासाठी बंद कप्प्यांत फोम भरलेला असतो. त्यात पाणी गेलं तर होडी जड होते, डिझेल जास्त जातं, आणि बुडायची वेळ आली तर ज्याच्या भरवशावर तरंगायचं तोच फोम कामाला येत नाही. आपली होडी पूर्वीपेक्षा खाली बसते का, हे रिकामी असताना पाण्याची रेघ बघून दरवर्षी तपासा. रेघ खडूने नको, रंगाने मारून ठेवा.

बंदीचे ६१ दिवस, १ जून ते ३१ जुलै, होडी वर असते तेव्हाच हे सगळं बघता येतं. पण पावसात केलेला पॅच टिकत नाही. ओल्या मॅटवर रेझिन धरत नाही. म्हणून होडी वर घेतल्याबरोबर पाऊस लागायच्या आत गोड्या पाण्याने धुवा, सुकवा, पॅच मारा, मग शाकारा. नारळी पौर्णिमेच्या तोंडावर घाईने मारलेला पॅच पहिल्या लाटेत सुटतो, हा अनुभव सगळ्यांच्या गाठीला आहे.

आणि जिवाची काळजी. ग्राइंडिंग करताना तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा, काचेची धूळ छातीत जाते. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि दवाखाना गाठा. रेझिनमध्ये टाकायचे हार्डनर आणि कोबाल्ट हे दोन कधीही एकमेकांत थेट मिसळू नका, भडका उडतो. एक आधी रेझिनमध्ये नीट ढवळायचं, मग दुसरं. डबे पोरांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवा.

शेवटी

भाचा फूलबागेला परत गेलाय. बोर्ड मामाच्या घरी आहे, पडवीच्या आत, दोन जुन्या उशांवर. नाकाला चटईची गादी बांधली आहे आणि सांध्याला लाल दोरा. व्हेंटच्या बाजूला नवं वजन लिहिलंय, तेरा किलो. दर महिन्याला मामा तो उचलून सोसायटीत आणतो आणि काट्यावर चढवतो. आजपर्यंत आकडा हललेला नाही. पर्यटक यायला लागले की पोरगा येईल. मामाचं इंजिन मात्र एक वर्ष पुढे गेलं. त्यातला काही भार सोसायटीने उचलावा, असा विषय आम्ही पुढच्या सभेत ठेवणार आहोत, कारण सल्ला आमचा होता.

ज्यांच्याकडे फायबरची कामं चालू आहेत, बोर्ड असो, होडी असो, त्यांनी आपले अनुभव खाली लिहा. कोणाचं काय बिघडलं आणि कशाने सुधारलं हे कळलं तर दुसऱ्याचे पैसे वाचतील. मिस्त्री मंडळींनी विशेष करून लिहावं. वजनाचा काटा सकाळचा लिलाव आटोपल्यावर कोणालाही मोकळा आहे, बोर्ड बिनधास्त आणा.

कळावे.
सचिव, आपली सोसायटी